नाण्यावर राजा नाही, शहराचं नाव

तुम्ही कधी जबलपूरला आलात तर इथले तुमचे नातेवाईक तुम्हाला भेडाघाटला नेणार हे ठरलेलं. धुआंधार धबधबा, संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी, चौसष्ट योगिनींचं मंदिर आणि परतताना भाजलेला भुट्टा. याच रस्त्यावर तेवर नावाचं एक गाव लागतं. नवरात्रात तिथे त्रिपुरसुंदरीच्या दर्शनाला गर्दी होते, एरवी गाड्या न थांबता पुढे जातात. हे तेवर म्हणजेच जुनी त्रिपुरी. १९३९ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसच्या ज्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते, त्याला ‘त्रिपुरी काँग्रेस’ म्हणतात ते या नगरीच्या नावावरूनच.

पुस्तकांत त्रिपुरीची ओळख कलचुरी राजांची राजधानी अशी असते. त्या राजांचे शिलालेख आणि ताम्रपट वाचून त्यांचा भलामोठा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध केला तो आपल्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी. त्याआधी १९५२ मध्ये सागर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केलं तेही एका मराठी माणसानं, मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. पण मला जास्त ओढ वाटते ती कलचुरींच्या कितीतरी शतकं आधीच्या त्रिपुरीची. साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपास या नगरीनं तांब्याची छोटी नाणी पाडली. त्यांवर काही चिन्हं आहेत आणि ब्राह्मी लिपीत तीन अक्षरं, ‘तिपुरि’. राजाचं नाव नाही, बिरुदावली नाही. अभ्यासक अशा नाण्यांना नगर-नाणी म्हणतात.

यात एवढं काय, असं वाटत असेल तर पर्समधलं एखादं नाणं काढून बघा. त्यावर सिंहमुद्रा आणि ‘भारत’ आहे, पंतप्रधानांचं नाव नाही. आजी-आजोबांच्या डब्यात १९४७ च्या आधीचं नाणं सापडलं, तर त्यावर मात्र सहाव्या जॉर्जचा मुकुटधारी चेहरा दिसेल. पैसा तोच, बाजार तोच, पण देश कुणाचा याचं उत्तर बदललं. सातवाहनांच्या नाण्यांवरही राजांची नावं ठळक असतात. म्हणून नुसतं ‘तिपुरि’ वाचलं की थबकायला होतं.

असाच विचार त्याच्या चारशे वर्षं आधी ग्रीसमध्ये रुजला होता. कुणी कुणाचं पाहून केलं, असं मला सुचवायचं नाही. पण इंग्रजी साहित्य शिकताना ग्रीस म्हटलं की होमर, ट्रॉयचं युद्ध आणि रागीट अकिलीस एवढंच समोर यायचं. होमरच्या काव्यात सगळीकडे राजेच राजे. खरी गंमत त्यानंतरच्या दोनशे वर्षांत आहे. तेव्हा ग्रीस हा एक देश नव्हताच. शेकडो छोटी स्वतंत्र नगरं होती, त्यांतली बरीचशी आपल्या तालुक्याच्या गावाएवढीही नसतील. प्रत्येकाचं दैवत वेगळं, कायदा वेगळा, पुढे नाणंही वेगळं. एजायना बेटाचं कासव, अथेन्सचं घुबड. घुबडाशेजारी तीन अक्षरं असत आणि त्यांचा अर्थ होता, ‘अथेन्सच्या लोकांचं’. पिसिस्ट्रॅटस आणि त्याच्या मुलांनी कित्येक वर्षं हे शहर मुठीत ठेवलं, पण नाण्यावर स्वतःचा चेहरा घालायची हिंमत त्यांनीही केली नाही.

मला याहून आवडतो तो क्रीट बेटावरच्या ड्रेरोस या लहानशा नगराचा कायदा. इसवी सनापूर्वी ६५० च्या सुमाराला तो देवळाच्या भिंतीच्या दगडावर कोरला गेला. सुरुवातीलाच सांगितलंय की हे नगरानं ठरवलं आहे. राजानं नाही, देवानं नाही, नगरानं! आणि ठरवलं काय, तर सर्वोच्च अधिकारपद एकदा भोगलेल्या माणसाला पुढची दहा वर्षं ते पद पुन्हा मिळणार नाही. खुर्चीला चिकटून बसण्याचा रोग माणसाला किती जुना आहे बघा. असा कायदा करावा लागतो तो कुणीतरी तसं करून दाखवल्यावरच, असा माझा अंदाज.

साधारण त्याच युगात आपल्याकडे वैशालीचे लिच्छवीही संथागारात जमून एकत्र निर्णय घेत होते. तक्षशिलेच्या काही जुन्या नाण्यांवर ‘नेगम’ असा शब्द आहे. नेगम म्हणजे निगम, व्यापाऱ्यांची, नगरवासीयांची संस्था. महाराष्ट्रात आपण महानगरपालिका म्हणतो. जबलपूरला राहणारे आम्ही मराठी लोक मात्र नळाला पाणी आलं नाही की ‘नगर निगम’लाच फोन लावतो. दोन हजारांहून जास्त वर्षांचा शब्द, आणि पाण्याच्या तक्रारीसाठी वापरायचा!

पण ‘नगरानं ठरवलं’ म्हणजे नेमकं कुणी ठरवलं?

अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ५९४ मध्ये सोलोन या माणसाकडे कारभार आला. गरीब शेतकरी कर्जापायी स्वतःलाच गहाण टाकत होते, फेड झाली नाही तर गुलाम म्हणून विकले जात होते. सोलोननं शरीर तारण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली, जुनं कर्ज रद्द केलं. सावकारी पाशाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. पण याच सोलोनचं चरित्र पुढे प्लुटार्कनं लिहिलं, त्यात आणखी काही कायदे आहेत. बाईनं घराबाहेर पडताना तीनच वस्त्रं न्यावीत, खायला-प्यायला बरोबर किती घ्यायचं त्यालाही मर्यादा, आणि रात्री निघायचं तर गाडीतून, पुढे दिवा धरून. ज्या माणसानं कर्जाची बेडी तोडली त्यानंच बायकांच्या पिशवीत डोकावून पाहिलं. सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, परगावाहून येऊन राहिलेले कारागीरही नव्हते. सॅफो ही मोठी कवयित्री त्याच सुमाराला लेस्बॉस बेटावर होती, पुढे तिचं नाव होमरच्या बरोबरीनं घेतलं गेलं. पण नगराचा निर्णय घ्यायच्या बैठकीत तिच्यासारखीलाही जागा नव्हती.

हे वाचून ‘लोकशाहीचा पाळणा’ वगैरे शब्दांवरचा माझा विश्वास जरा उडाला. तरीही ड्रेरोसचा तो दगड आणि त्रिपुरीचं ते नाणं मला लहान वाटत नाही. गाव कुणा एकाच्या मालकीचं नसतं, हे तिथे कुणीतरी एकदा लिहून ठेवलं. मग त्या ‘गावात’ कोण कोण मोजायचं, हा वाद पुढच्या लोकांना घालता आला.

तो वाद अजून चालू आहे. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही शहरांच्या कारभारात आता महिलांसाठी ५० टक्के आरक्षण आहे. तुमच्या वॉर्डातली नगरसेविका कोण, हे तुम्हाला माहीत असेलच. तिला एकदा स्वतः फोन लावून बघा. पुष्कळ ठिकाणी फलकावर नाव बाईंचं असतं आणि फोन नवरा उचलतो. आमच्याकडे तर त्याच्यासाठी एक शब्दच तयार झालाय, ‘पार्षद पती’.