चाकं खाली आली का?

दोस्तांनो, एसटीत बसून मुठा घाट चढलाय कधी? पिरंगुटहून मुळशी तालुक्यातल्या मुठा गावाकडे जाताना हा घाट लागतो. चढ आला की ड्रायव्हरकाका खालचा गियर टाकतात. इंजिन घुरघुरतं, गाडी हळू पण जोरात चढते. सपाटीला आली की पुन्हा वरचा गियर. मग इंजिन शांत आणि गाडी सुसाट!

आता सांगा, विमानाला असा गियर असतो का?

असतो, पण सगळ्या विमानांना नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर आहे, त्यांनी बहुतेक सेसना १७२ हे विमान उडवलं असेल. त्याची चाकं कायम खालीच असतात. पंख्याची पाती एकाच कोनात पक्की बसवलेली असतात. शिकायला उत्तम! पण महिना-दोन महिने झाले की सगळ्यांना एकच घाई होते. उचलायचं ते थेट जंबो जेट! सायकल शिकून झाल्यावर कुणी एकदम एसटी चालवायला बसतं का? मधली एक पायरी असते. त्या पायरीचं नाव ‘कॉम्प्लेक्स’ विमान.

तीन गोष्टी असल्या की छोट्या विमानाला कॉम्प्लेक्स म्हणतात. एक, पोटात ओढून घेता येणारी चाकं. दोन, पंखांमागच्या हलणाऱ्या फळ्या, म्हणजे फ्लॅप. (हे सेसना १७२ लाही असतात.) आणि तीन, पात्यांचा कोन बदलता येणारा पंखा.

हा पंखा म्हणजेच विमानाचा गियर. उड्डाणाच्या वेळी पाती थोडीच तिरकी ठेवायची. पंखा भराभर फिरतो, इंजिन पूर्ण ताकद देतं. हा घाटातला गियर! उंचावर पोचलं की पाती जास्त तिरकी करायची. आता पंखा सावकाश फिरतो, पण प्रत्येक फेरीत हवेचा मोठा घास घेतो. हा सपाटीचा गियर. पुष्कळ विमानांत यासाठी निळी दांडी असते. शेजारची काळी दांडी इंजिनाच्या ताकदीची आणि लाल दांडी पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची. यातही क्रम असतो बरं का! ताकद वाढवताना आधी निळी, मग काळी. कमी करताना आधी काळी, मग निळी.

मग कोणतं विमान निवडायचं?

पायपर ॲरो हे सगळ्यात सोपं. स्वभावानं शांत, इंजिन २०० अश्वशक्तीचं, फार पळत नाही. चूक झाली तरी सुधारायला वेळ देतं.

सेसना १८२ आरजी याचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. नदी, धरणं, डोंगर बघत उडायचं तर हेच घ्या. गंमत म्हणजे १९९३ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये हेच विमान होतं. म्हणजे तेव्हाची मुलं पहिल्या दिवसापासून चाकं उचलायला शिकत होती!

बीचक्राफ्ट बोनान्झा हे देखणं आणि वेगवान विमान. १९४५ साली ते पहिल्यांदा उडालं. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये ते मिळतं. पण त्याचा वेग लवकर उतरत नाही. म्हणून हे दुसरं घ्या, पहिलं नको.

आपल्या गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर वैमानिक घडवणारी संस्था आहे. तिथे डायमंड डीए ४० आणि दोन इंजिनांचं डीए ४२ वापरतात. डीए ४२ ची चाकं आत जातात, पण पंख्याचा कोन कॉम्प्युटरच सांभाळतो. निळी दांडी नाहीच! विमान छान आहे, पण पंख्याचा गियर स्वतःच्या हातानं शिकायचा असेल तर ॲरोच बरं.

चला, मुठेवरून चक्कर!

लोहगावहून निघा. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे. विमान नीट वर चढू लागलं आणि खाली उतरायला धावपट्टी उरली नाही, की चाकं वर. मुठा नदी धरून जा. खडकवासल्याचं पाणी दिसेल, डावीकडे सिंहगड. गड सुमारे ४,३०० फूट उंच आहे, म्हणून तुम्ही ६,००० फुटांवर राहा. पुढे पाणी फुटतं. डावीकडे पानशेत-वरसगावचा रस्ता, आणि सरळ मुठेचं खोरं. मुठा गाव ओलांडून टेमघर धरणापर्यंत जा आणि परत फिरा.

आता खरी परीक्षा! तुम्हाला ३,००० फूट खाली यायचंय. मिनिटाला ५०० फूट म्हटलं तर ६ मिनिटं लागणार. बोनान्झा १५० नॉट वेगानं तेवढ्यात २८ किलोमीटर जातं. म्हणजे खडकवासला धरण यायच्या आधीच उतरायला लागायला हवं. उशीर केला तर लोहगाव येतं आणि तुम्ही अजून आभाळातच! मग घाई होते, आणि घाईत माणूस काय विसरतो? चाकं!

हे मोठ्या वैमानिकांकडूनही झालंय. म्हणून १९६७ साली आलेल्या पहिल्या ॲरोमध्ये कंपनीनं एक युक्ती केली होती. वेग फार कमी झाला की चाकं आपोआप खाली यायची. पण नको तेव्हाही ती येऊ शकत. पुढे अनेक विमानांतली ही सोय बंद केली गेली. लक्षात ठेवायचं काम शेवटी माणसाचंच.

म्हणून प्रत्येक वेळी उतरण्याआधी मोठ्यानं म्हणा: पेट्रोल, चाकं, मिश्रण, पंखा, पट्टा! म्हणताना त्या त्या दांडीला हात लावा. चाकांचे तीन हिरवे दिवे लागले का, ते डोळ्यांनी बघा. एक जरी लागला नाही तरी उतरायचं नाही, पुन्हा फेरी मारायची. त्यात कमीपणा नाही. शहाणपण आहे!

आईबाबांसाठी दोन शब्द

यासाठी मोठा खर्च नको. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर मोफत मिळतो. साधी जॉयस्टिक पुरते. मात्र घरचे हे तास लायसन्ससाठी मोजले जात नाहीत. व्यावसायिक वैमानिकाला खऱ्या विमानाचे २०० तास लागतात आणि वय १८ पूर्ण लागतं. मग घरी काय मिळतं? आठवणीनं, क्रमानं काम करायची सवय. ती परीक्षेच्या पेपरलाही उपयोगी पडते आणि गॅस बंद करून घराबाहेर पडतानाही.

तेव्हा दोस्तांनो, एकच विमान निवडा आणि महिनाभर तेच उडवा. रोज अर्धा तास पुरे. आणि उद्या आईनं विचारलं, “काय रे, काय पुटपुटतोयस?” तर सांगा, “आई, चाकं खाली आली का ते बघतोय!”