गॅसबत्तीच्या मेंटलातला सिरियम
(इयत्ता ७ वी)

लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम ही नावे घरातल्या भांड्यांमुळे आपल्याला पाठ आहेत. सिरियम हे नाव मात्र कोणाच्या तोंडी येत नाही. तरीसुद्धा पूर्वी लग्नाच्या वरातीत गॅसबत्तीचा जो पांढराशुभ्र उजेड पडायचा, तो ह्याच धातूच्या चिमूटभर भागामुळे.

माझे आजोबा लग्नसराईत गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. टाकीत रॉकेल भरायचे, पंप मारायचा आणि वर लोंबणारी कापडी पिशवी पेटवायची. ह्या पिशवीला मेंटल म्हणतात. ती थोरियम आणि सिरियम यांच्या क्षारांच्या पाण्यात भिजवून वाळवलेली असते. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जाते आणि त्याच आकाराची पांढरी जाळी मागे राहते. रॉकेलच्या वाफेची ज्योत तशी निळसर, मंद असते. तिने जाळी तापली की डोळे दिपतात. नुसत्या थोरियमचा उजेड फिका पडतो. ९९ भाग थोरियमला १ भाग सिरियम हे प्रमाण ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ साली बसवले. भाजीत मीठ असते ना, तसेच हे.

पण जाळी फार नाजूक. बत्ती डोक्यावर घेणारा गडी ठेच लागू नये म्हणून खाली बघूनच चाले. मधातच मेंटल फुटले तर नवरीकडचे लोक भाडे कापून घेत, असे आजोबा सांगतात. मला हे काही बरोबर वाटत नाही. रस्त्यातले खड्डे काय त्या गड्याने खोदले होते?

सिरियमचा शोध १८०३ साली लागला. स्वीडनमध्ये बर्झेलियस व हिसिंगर यांनी आणि जर्मनीत क्लाप्रोट यांनी तो वेगवेगळा लावला. दोनच वर्षे आधी सेरेस नावाचा लघुग्रह सापडला होता, त्यावरून हे नाव पडले. अणुक्रमांक ५८. रंग चांदीसारखा, पण हवेत ठेवला की लवकर काळवंडतो. इतका मऊ की सुरीने कापता येतो. १५० ते १८० अंश उष्णतेतच हवेत पेट घेतो, म्हणून त्याचा कीस घासता घासताच जळतो. विडी पेटवायच्या लायटरमधला खडा म्हणजे सिरियम, त्याच्या जातीचे इतर धातू आणि लोखंड यांचे मिश्रण. तेही वेल्सबाख यांनीच १९०३ साली काढले. हा माणूस खरेच हुशार! (स्वयंपाकाच्या गॅसचा खट्‌खट् वाजणारा लायटर वेगळा. त्यात खडा नसतो, विजेची ठिणगी असते.)

पुस्तकात ह्या धातूंना ‘विरल मृत्तिका’ म्हणतात. एकंदर १७ आहेत. विरल हे नाव सिरियमला शोभत नाही, कारण जमिनीत तो जवळपास तांब्याइतकाच आहे. अडचण आहे ती वेगळे करण्याची. तूर आणि हरभरा कोणीही निवडील, पण दोन वाणांचे सोयाबीन एका पोत्यात मिसळले तर निवडून दाखवा! हे सतरा धातू तसे आहेत.

आपल्या देशात सिरियम मोनाझाइट नावाच्या वाळूत सापडतो. १९०९ साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेली ही वाळू दिसली. पुढे १९५० साली सरकारने इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी काढली आणि केरळात अलुवा येथे कारखाना घातला. मेंटलला लागणारे थोरियम नायट्रेट १९५५ पासून आपल्या मुंबईत, ट्रॉम्बे येथे होऊ लागले.

आता एक गोष्ट पालकांनी जरूर वाचावी. आमच्या माळ्यावर जुन्या बत्तीसोबत मेंटलची पाकिटे आहेत. माझी धाकटी बहीण ती पिशवी बाहुलीला टोपी म्हणून मागते. मी देत नाही. सिरियमची भीती नाही, पण थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे किरण मुख्यतः कातडीवरच अडतात, मात्र फुटलेल्या जाळीची भुकटी श्वासातून किंवा तोंडावाटे आत गेली तर ते वाईट. म्हणून ती फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि हात साबणाने धुवावेत. परदेशातल्या काही कारखान्यांनी पुढे थोरियम सोडून यिट्रियम घेतले, तोही ह्या सतरांपैकीच.

वराती आता विजेच्या दिव्यांत निघतात, पण सिरियमचे काम थांबले नाही. चष्म्याच्या आणि दुर्बिणीच्या काचा त्याच्या भुकटीने घासून गुळगुळीत करतात. समृद्धी महामार्गावरून शेलूबाजारला उतरणाऱ्या पेट्रोलच्या मोटारींतही तो असतो. त्यांच्या धूर सोडणाऱ्या नळीत एक डबा बसवलेला असतो, त्यात सिरियमचा थर देतात. धुरात प्राणवायू जास्त झाला की हा थर तो साठवून ठेवतो आणि कमी पडला की परत देतो, आपल्या घरच्या कणगीसारखा. त्या प्राणवायूने धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड जळून जातो.