विजेरीची पुसलेली पाटी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा पुतण्या मित्रांबरोबर रात्रीं राजगड चढावयास जाणार होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं त्यानें आपल्या विजेरींत नवें फर्मवेअर भरावयास घेतलें, आणि थोड्याच वेळांत, कितीही कळ दाबली तरी ती पेटेना. "काका, मेली ही," असें म्हणून तो तपकीर गल्लींत दुसरी पाहावयास निघाला. मीं त्यास थांबविलें. मी यंत्रज्ञ नव्हे; परंतु चुकलेलें गणित पहिल्या पायरीपासून पुनः तपासावें, हें मीं वर्गांत जन्मभर सांगत आलों. त्याच रीतीनें आम्हीं बसलों, आणि अर्ध्या तासांत विजेरी पेटली. ती रीत आज सांगतों. कारण अशा वेळीं पुष्कळ चांगल्या वस्तु निष्कारण अडगळींत जातात.

पूर्वीं विजेरींत, म्हणजे घरोघर जिला 'बॅटरी' म्हणतात तींत, दोन सेल, एक दिवा व एक कळ एवढाच संसार असे. हौशी लोकांच्या आजच्या विजेरींत नखाएवढी एक चिप असते. कळ किती वेळां दाबली असतां काय व्हावें, उजेड किती पडावा, अंग तापलें म्हणजे तो केव्हां मंद व्हावा, या आज्ञा त्या चिपेंत लिहिलेल्या असतात. त्यांसच फर्मवेअर म्हणतात. 'अँड्युरिल' हें त्यांतील एक प्रसिद्ध फर्मवेअर होय. 'टॉयकीपर' या टोपणनांवानें तें प्रसिद्ध झालें असून, जीपीएल या मुक्त परवान्यामुळें तें कोणासही वाचतां, सुधारतां व वांटतां येतें.

नवें फर्मवेअर भरतांना तीन गोष्टी क्रमानें होतात. प्रथम जुन्या आज्ञा पुसल्या जातात, मग नव्या लिहिल्या जातात, आणि शेवटीं लिहिलेलें परत वाचून मुळाशीं ताडून पाहिलें जातें. मध्येंच संबंध तुटला तर चिप कोरी किंवा अर्धवट लिहिलेली राहते, म्हणून दिवा लागत नाहीं. परंतु लेखन स्वीकारणारा भाग चिपेच्या घडणींतच असतो. तो पुसल्या गेलेल्या आज्ञांवर अवलंबून नसतो. म्हणजे पाटी पुसली गेली आहे, फुटलेली नाहीं. तिच्यावर पुनः लिहितां येतें.

आतां तपासणीचा क्रम पाहूं. आधीं विजेरींतील लिथियमचा सेल काढून ठेवावा. मग संगणकाची तार पाहावी. कांहीं तारा केवळ वीज वाहतात, मजकूर नाहीं. त्यानंतर स्पर्शबिंदु पाहावे. जुन्या अ‍ॅटटायनी ८५ चिपेस सहा जोडण्या लागतात, नव्या अ‍ॅटटायनी १६१६ चिपेस तीनच पुरतात. हे बिंदु स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसून, स्प्रिंगच्या सुया त्यांवर नेमक्या टेकवाव्या.

मग लिहिण्याची घाई न करतां चिपेची सही वाचावी. प्रत्येक जातीच्या चिपेस तीन बाइटांची ठराविक सही असते. ती मुळींच न मिळाली, किंवा नुसतीं शून्यें आलीं, तर बहुधा दोष जोडणींत असतो. दुसऱ्याच जातीची सही आली, तर आपण संगणकास चिपेचें नांव चुकीचें सांगितलें, असें समजावें. सही बरोबर, पण शेवटची ताडणी चुकली, तर बहुधा लिहितांना सुया हलल्या. त्या घट्ट धरून पुनः लिहावें.

ताडणी जमली, तरी दिवा वेडावांकडा वागत असेल, तर दुसऱ्या नमुन्याची फाइल भरली गेली असावी. हा दोष हलका मानूं नये. उष्णतेचा हिशेब चुकला, तर प्रखर विजेरी हात भाजण्याइतकी तापते. म्हणून पहिला उजेड डोळ्यांपासून दूर, भिंतीकडे पाडावा व दिवा मंदच ठेवावा. खरा उपाय मात्र आधींचा आहे. अँड्युरिलच्या दुसऱ्या आवृत्तींत, विजेरी बंद असतां कळ 15 वेळां दाबली म्हणजे ती आवृत्ति व नमुना यांचे आंकडे लुकलुकून सांगते. ते आंकडे चालू स्थितींतच टिपून ठेवावे. मुक्या झालेल्या विजेरीस तें विचारतां येत नाहीं.

एक अपवाद सांगितला पाहिजे. चिपेंत 'फ्यूज' नांवाच्या कांहीं मूलभूत खुणा असतात. त्यांतील विशिष्ट खूण चुकीची बदलली, तर लिहिण्याचें दारच बंद होतें, व तें उघडण्यास अधिक दाबाच्या विजेचें निराळें यंत्र लागतें. नुसतें फर्मवेअर बदलणाऱ्यानें त्यांस हात लावूं नये.

आमच्या प्रकरणांत सही बरोबर आली, ताडणी मात्र चुकली होती. पुतण्यानें सुया एका हातानें धरल्या होत्या, व दुसऱ्या हातानें तो मित्रांस फोन करीत होता! नमुन्याचा आंकडा त्यानें वहींत टिपलेला होता, म्हणून निभावलें. दुसऱ्या वेळीं मीं विजेरी टेबलावर दाबून धरली, त्यानें सुया धरल्या, आणि ताडणी जमली. दुसऱ्या दिवशीं ती विजेरी राजगडावर गेली. तपकीर गल्लीची खेप मात्र वांचली.