जुन्या ट्रॅक्टरची चार्जिंगची वायर तापू देऊ नका

मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची वायर तापून वितळली, तर ठिणगी भुसकटात पडून खळे पेटण्याचे भय असते. अल्टरनेटरपासून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीचा जोड सैल झाला वा गंजला, की तेथे विजेच्या प्रवाहास अडथळा होऊन उष्णता उत्पन्न होते. प्रवाह दुप्पट झाल्यास ही उष्णता चौपट होते. पुरती उतरलेली बॅटरी अधिक प्रवाह ओढते. म्हणून ती आधी बाहेरून चार्ज करून घ्यावी. दर हंगामापूर्वी इंजिन बंद करून प्रथम बॅटरीची अर्थची वायर सोडावी. मग सर्व जोड घासून स्वच्छ करावेत व घट्ट आवळावेत. करपलेली वायर बदलताना मूळ वायरीहून बारीक घेऊ नये. फ्यूज वारंवार उडत असल्यास त्याजागी साधी तार कदापि घालू नये. दोष शोधून काढावा.