डाकारला चाललेला खटला

हुकूमशहाची गादी जाते, पण तो स्वतः गजाआड जात नाही, असाच जगाचा रिवाज होता. ऑक्टोबर 1998 मध्ये स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटवर चिलीच्या पिनोशेला लंडनमध्ये अटक झाली आणि हा रिवाज मोडेल अशी आशा निर्माण झाली. प्रकृतीचं कारण दाखवून तो दीड वर्षात मायदेशी परतला आणि 2006 मध्ये शिक्षा न होताच मेला. मात्र त्या अटकेने धीर आला तो दूर मध्य आफ्रिकेतल्या चाडमधल्या लोकांना.

चाडवर 1982 ते 1990 हिसेन हाब्रेची सत्ता होती. लिबियाच्या गद्दाफीला शह म्हणून अमेरिका आणि फ्रान्स त्याच्या पाठीशी उभे राहिले. त्याचे राजकीय पोलीस माणसांना घरातून उचलून नेत. राजधानी एन्जामेनात फ्रेंच अमलातला एक पोहण्याचा तलाव होता. त्यावर काँक्रीटचं छत टाकून खाली कोठड्या केल्या. चौकशी आयोगाने 1992 मध्ये बळींचा अंदाज दिला तो 40,000 चा. हाब्रे तोवर सेनेगलमध्ये सुखाने राहत होता.

सुलेमान गेंगेंग हे लेक चाड बेसिन कमिशनमधले हिशेबनीस. अडीच वर्षं त्यांनी कोठडीत काढली. जिवंत सुटलो तर न्याय मागेन, अशी शपथ त्यांनी तिथेच घेतली होती. बाहेर आल्यावर त्यांनी 792 पीडितांच्या जबान्या लिहून घेतल्या आणि जुने अधिकारी पुन्हा सत्तेच्या आसपास वावरत असताना ते कागद घरात लपवून ठेवले. पीडितांच्या वकील जाकलिन मुदेना यांच्यावर 2001 मध्ये ग्रेनेड फेकला गेला. पायात तुकडे घुसले, तरी त्यांनी वकालतनामा सोडला नाही. त्याच वर्षी पोलिसांच्या ओसाड पडलेल्या मुख्यालयात हजारो कागद धूळ खात पडलेले मिळाले. कैदेत मेलेल्या 1,208 जणांची नावं त्यांत होती. जुलमी राजवटी नोंदी नीट ठेवतात, आणि पुढे त्याच नोंदी त्यांच्याविरुद्ध साक्ष देतात.

तरी पंधरा वर्षं तारखाच पडत राहिल्या. पीडितांच्या तक्रारीवर सेनेगलच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून हात वर केले. मग बेल्जियमने वॉरंट काढलं. अखेर 2012 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सेनेगलला बजावलं, खटला चालवा किंवा त्याला सोपवा. आफ्रिकी संघाच्या साहाय्याने डाकारला खास न्यायालय उभं राहिलं. हाब्रेला अक्षरशः धरून खुर्चीत बसवावं लागलं. डोक्याला पांढरं पागोटं, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तोंडातून शब्द नाही. समोर बायका उभ्या राहून वाळवंटातल्या लष्करी छावणीत आपल्यावर काय गुदरलं ते सांगत होत्या. इतकी वर्षं त्यांनी हे घरातही सांगितलं नव्हतं. या लढ्यातलं सर्वात मोठं धैर्य मला त्यांचं वाटतं.

30 मे 2016 रोजी जन्मठेप झाली. एका आफ्रिकी देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षाला दुसऱ्या आफ्रिकी देशात मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवणारा हा पहिला निकाल. पुढे जर्मनीत कोब्लेंझच्या न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये सीरियाच्या गुप्तचर खात्यातला माजी अधिकारी अन्वर रस्लान यालाही जन्मठेप दिली. पण सत्तेवर असलेल्यांना आणि बड्या राष्ट्रांच्या आश्रितांना कायदा आजही सहसा गाठत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या करारात अमेरिका, चीन, रशिया नाहीत आणि भारतही नाही.

हाब्रे 2021 मध्ये कैदी म्हणूनच कोविडने वारला. अपिलात 7,396 पीडितांना सुमारे 82 अब्ज सीएफए फ्रँक भरपाई मंजूर झाली होती. चाड सरकारने 2024 मध्ये त्यातला थोडा भाग वाटायला घेतला. आता उरलेली रक्कम आफ्रिकी संघाने आणि हाब्रेला पोसणाऱ्या देशांनी उभी करावी, आणि ती साक्षीदार हयात असतानाच करावी.