ब्रेक आधी, चाक नंतर

चाकणच्या पट्ट्यात फिरवण्याचा जोर मोजणारा न्यूटन-मीटर हा शब्द पुस्तकात कमी आणि लाइनवर जास्त भेटतो. मी तिथल्या एका व्हेंडर कंपनीत ब्रेकच्या सुट्या भागांची लाइन बघतो, राहायला आळंदीत. आमच्याकडे प्रत्येक टॉर्क रेंचवर आकडा लावलेला असतो, आणि तो चुकला तर माल पुढे सरकत नाही. त्यामुळे भाच्यानं विचारलं, "मामा, रेसिंग गेमसाठी स्टिअरिंग घ्यायचंय, कुठलं घेऊ?" तेव्हा त्यानं दाखवलेले दिवे, रंग आणि चामड्याची शिवण सोडून मी आधी न्यूटन-मीटर शोधले. जाहिरातीत ते सगळ्यात बारीक अक्षरात होते.

हा शौक आमच्या भागात का वाढतोय, ते समजण्यासारखं आहे. गाड्या इथं बनतात, पळवायला मात्र लांब जावं लागतं. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, २०१० मध्ये पोलोच्या नावानं शर्यतीही निघाल्या, पण त्या धावल्या दक्षिणेतल्या ट्रॅकवर. फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं भारतात आली ती ग्रेटर नोएडाला. शिवाय खऱ्या शर्यतीचा खर्च पगारदार घराला झेपणारा नाही. भाच्याच्या डोक्यात जॅन मार्डनबरो बसलाय. हा ब्रिटनमधला मुलगा २०११ मध्ये निस्सान आणि प्लेस्टेशनच्या, गेम खेळणाऱ्यांसाठीच्या जीटी अकॅडमीतून निवडला गेला, २०१३ मध्ये ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला, आणि २०२३ मध्ये त्याच्यावर 'ग्रान तुरिस्मो' हा सिनेमा निघाला. ही गोष्ट सांगून त्याच्या आईवर, म्हणजे माझ्या ताईवर, काही परिणाम झाला नाही. तिनं फक्त विचारलं, "ठेवणार कुठं?" तिचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता, त्याकडे पुढं येतो.

आधी चाक. गेममधली गाडी वळली की पुढच्या टायरवर जो ताण येतो, त्याचा हिशोब सॉफ्टवेअर सेकंदाला शेकडो वेळा करतं आणि चाकामागच्या मोटरला तेवढा जोर लावायला सांगतं. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात. वळणात पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की चाक हातात हलकं पडतं. ते हलकं पडणं ज्याला वेळेवर कळलं, त्याची गाडी गवतात जात नाही. नुसत्या थरथरणाऱ्या स्वस्त चाकांत हे काही नसतं. त्यात स्प्रिंग असते, ती चाक मधोमध आणते, बस्स. खेळण्यातलं आणि खरं चाक यांतला पहिला फरक हा.

मोटरचा जोर चाकापर्यंत तीन तऱ्हांनी पोचतो. लॉजिटेकच्या जी२९ मध्ये गियर आहेत. हे मॉडेल २०१५ चं, अजूनही विकलं जातं, ९०० अंश म्हणजे अडीच फेरे फिरतं, आणि जोर साधारण दोन न्यूटन-मीटर. थ्रस्टमास्टरच्या टी३०० मध्ये पट्टा आहे, जोर चारच्या जरा खाली. तिसरा प्रकार डायरेक्ट ड्राइव्हचा: चाक थेट मोटरच्या दांड्यावर, मध्ये काहीच नाही. मोझा आर५ चा जोर साडेपाच. फानाटेकच्या सीएसएल डीडीचा पाच, मोठा पॉवर सप्लाय लावला तर आठ. मोटारीच्या चाकाचे नट आम्ही शंभरच्या आसपास आवळतो, त्यामुळे हे आकडे पहिल्यांदा मला पोरखेळ वाटले. मग कागदावर हिशोब मांडला. अठ्ठावीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर दोन न्यूटन-मीटर म्हणजे कडेला दीड किलोचा ओढा, साडेपाच म्हणजे चार किलोचा. सलग तासभर चार किलोशी झुंजलं की दंड भरून येतात. नवशिक्याला आठच्या वर जाण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

गियरच्या चाकाला एक खोड आहे: ते खडखडतं. आळंदीत हा मुद्दा बारीक नाही. ताईच्या खालच्या मजल्यावर रोज संध्याकाळी हरिपाठ असतो, शेजारच्या खोल्यांत पखवाज शिकणारी मुलं राहतात. त्यांच्या आवाजाची तक्रार कुणी करत नाही, पण रात्री अकराला वरून खडखड आली तर घरमालक जिना चढून येतो. पट्ट्याचं किंवा डायरेक्ट ड्राइव्हचं चाक पुष्कळ शांत. आणि वीज जाऊन आली की गियरची आणि पट्ट्याची बरीचशी चाकं स्वतःहून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आपला मध्य शोधतात, तेव्हा आऱ्यांत बोटं नकोत. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे वेगळं सांगायला नको.

आता माझ्या धंद्याचा विषय, ब्रेक. चाकाच्या फोटोला लोक भाळतात, पण फेरीची वेळ कमी होते ती ब्रेकवर. खऱ्या गाडीत पेडल काही अंतर गेलं की कडक होतं, आणि पुढं पाय किती सरकला यापेक्षा किती दाबलं यावर गाडी थांबते. पायाला दाब लक्षात राहतो, अंतर राहत नाही. स्वस्त पेडलमध्ये मात्र अंतरच मोजलं जातं. त्यात पोटेन्शिओमीटर असतो, जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागं असायचा तोच भाग. त्यात एक सरकता तुकडा पट्टीवर घासत जातो. तो झिजतो, त्यात धूळ बसते, आणि मरकळ रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला धुळीचं मी काय सांगू! मग पाय न लावता गेममध्ये ब्रेक लागतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक असतो, काही घासत नाही, त्यामुळे तो टिकतो. पण मोजतो अंतरच.

दाब मोजायचा तर लोड सेल हवा. वाळूचा ट्रक ज्या वजनकाट्यावर चढतो त्याच्या पत्र्याखाली हाच असतो, वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यातही हाच. धातूच्या ठोकळ्यावर स्ट्रेन गेज नावाची बारीक तारेची जाळी चिकटवलेली असते. ठोकळा केसापेक्षाही कमी वाकतो, तार तेवढी ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन निघतं. १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी हे स्वतंत्रपणे शोधलं. थ्रस्टमास्टरचं टी-एलसीएम पेडल १०० किलोपर्यंतचा दाब मोजतं. एवढा कुणी रोज दाबत नाही. पंचवीस-तीस किलोवर जमवून घेतलं तरी एकाच वळणावर दर फेरीला तोच ब्रेक लागायला लागतो. जी२९ च्या ब्रेकमध्ये रबराचा ठोकळा आहे, त्यानं पेडल कडक लागतं, पण मोजणी अंतराचीच. पुष्कळ जण तो काढून वेगळी स्प्रिंग घालतात.

ताईचा प्रश्न इथं येतो. तीस किलोनं पेडल दाबलं की पेडलही तुम्हाला तीस किलोनं मागं ढकलतं. चाकं असलेली ऑफिसची खुर्ची सरळ मागच्या भिंतीला जाऊन टेकते. पेडल फरशीवर घसरतं, मुलं त्यामागं विटा लावतात. प्लायवूडच्या टेबलाला चिमट्यानं अडकवलेलं डायरेक्ट ड्राइव्हचं चाक टेबलच हलवतं. म्हणजे चाक, पेडल आणि सीट एकाच सांगाड्यावर बसली पाहिजेत, आणि या सांगाड्याच्या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे. शौकीन लोक परदेशातून ज्या ४० बाय ४० च्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचे सांगाडे मागवतात, ती खाचांची नळी आमच्या लाइनवरच्या टेबलांत, ट्रॉल्यांत आणि जाळीच्या दारांत रोज दिसते. भोसरीत ती मापात कापून मिळते, टी-नट आणि कोनही मिळतात. तेही महाग वाटलं तर मोशी-चाकणच्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा वेल्ड करून घ्यावा. फक्त पेडलची पाटी पुढं-मागं सरकती ठेवायला सांगा, नाहीतर धाकट्या भावाचे पाय पोचत नाहीत. जुनी मोटारीची सीट पूर्वी कुदळवाडीच्या भंगारबाजारात सहज मिळायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं तिथली बांधकामं पाडली, त्यामुळे आता भंगारवाल्यांकडं विचारत फिरावं लागतं. एकाच खोलीत सगळं घर असेल तर घडीचा सांगाडा घ्या; थोडा डुगडुगेल, पण खाटेमागं जाईल.

खरेदीआधी यंत्र कुठलं आणि गेम कुठला ते बघा. जी२९ प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरवर चालतं, त्याचाच भाऊ जी९२० एक्सबॉक्स आणि कॉम्प्युटरवर. मोझा आर५ फक्त कॉम्प्युटरसाठी. ग्रान तुरिस्मो प्लेस्टेशनशिवाय नाही, तेव्हा त्या गेमसाठी आर५ घेणारा फसतो. आमच्या कंपनीत मालाच्या ट्रकवर येणारा एक ड्रायव्हर सुट्टीत घरी युरो ट्रक सिम्युलेटर खेळतो. त्याला जी२९ पुरतं, लोड सेलची गरज नाही. ट्रक हळू थांबवायचा असतो, हे तो मला समजावून सांगतो.

जुनं घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जा. कॉम्प्युटरवर गेम कंट्रोलरची चाचणी उघडा आणि प्रत्येक पेडल अगदी हळू दाबा. रेघ उड्या मारत असेल तर सेन्सर गेलाय. चाक सैल धरून डावी-उजवीकडं हलवा. जास्त मोकळीक जाणवली तर गियर झिजलेत. नवं मागवताना बिल आणि भारतातली वॉरंटी बघा. आणि कार्तिक वद्य एकादशीच्या आठवड्यात आळंदीच्या पत्त्यावर काही मागवू नका. यात्रेमुळे रस्ते वाहनांना बंद असतात, दहा किलोचं खोकं देहूफाट्यावरून डोक्यावर आणावं लागतं.

भाव सारखे हलतात, म्हणून रकमेपेक्षा वाटणी सांगतो. पहिला पैसा सांगाड्याला, दुसरा ब्रेकला, उरेल तो चाकाला. सुरुवातीला जी२९ आणि वेल्ड केलेला लोखंडी सांगाडा एवढ्यावर वर्षभर खेळा. पुढं पैसे साठले की कॉम्प्युटरवाल्यांनी आधी लोड सेलचं पेडल घ्यावं, डायरेक्ट ड्राइव्ह त्यानंतर. भाच्यानं हीच वाटणी मानली आहे. सांगाडा झालाय, चाक दिवाळीच्या बोनसवर येईल.