ऑपरेशनच्या आधी विचारा

अंडाशयाचा कॅन्सर त्रास सुरू होण्याआधी पकडणारी भरवशाची चाचणी आजही जगात नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांची दरवर्षी रक्तचाचणी किंवा सोनोग्राफी केली गेली. २०२१ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. तेव्हा तपासणीची 'पॅकेजे' विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. धोका कमी करणे मात्र हातात आहे.

महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन केले आहे, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. (पुरुषांची नसबंदी नावालाच!) गर्भनलिका बांधल्याने हा धोका काहीसा घटतोच. पण या रोगाचा सर्वांत घातक प्रकार पुष्कळदा अंडाशयात नव्हे, तर नलिकेच्या टोकाशी सुरू होतो, हे आता कळले आहे. म्हणून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून डॉक्टर नलिका बांधण्याऐवजी पूर्ण काढण्याचा सल्ला देऊ लागले. अंडाशय जागेवर राहते, पाळी चालू राहते. आपल्याकडे दुर्बिणीच्या शिबिरात रिंग टाकली की बाई घरी! तिला हा पर्याय कोणी सांगितला? काढलेली नलिका पुन्हा जोडता येत नाही, प्रत्येकीला हे मानवेलच असेही नाही. पण विचारण्याचा हक्क तिचा आहे.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन काही वर्षे घेतल्यानेही धोका घटतो. रक्तदाब असेल किंवा स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या ठरावावर बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचले होते. सभागृहाने तो ठराव फेटाळला.

बाळाला अंगावर पाजण्याचाही फायदा होतो. पण स्वारगेटच्या एसटी स्टँडवर झाडू मारणाऱ्या, पहाटे मार्केट यार्डाला मजुरीला निघणाऱ्या आईने ते करावे कसे? प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी १९२८ मध्येच पाठिंबा दिला होता. ठेकेदाराच्या मस्टरवरच्या बाईला ती रजा आजही भांडून घ्यावी लागते.

आई, बहीण, मावशी यांपैकी कोणाला अंडाशयाचा किंवा तरुणपणी स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुक तपासणीबद्दल विचारा.

पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, सारखी लघवी लागणे. स्वारगेटला दिवसभर उभी राहणारी विक्रेती मुतारी टाळण्यासाठी पाणीच पीत नाही. शेवटचे लक्षण तिच्या ध्यानात येणार कधी? यातला कोणताही त्रास दोन-तीन आठवडे टिकला, तर गॅसची गोळी घेऊन गप्प बसू नका. डॉक्टरांकडे सोनोग्राफीची चिठ्ठी मागा.